कर्करोगाची वीस वर्षे, कायद्याची दोन

कर्करोगाच्या रुग्णालयात नव्या रुग्णाचा केसपेपर निघतो तेव्हा दोन प्रश्न हमखास विचारले जातात. तंबाखू खाता का? विडी-सिगारेट ओढता का? उत्तर ‘हो’ आले की ते ठळकपणे नोंदले जाते. तिसरा प्रश्न व्यवसायाचा असतो. त्यापुढे ‘नोकरी’, ‘मजुरी’ किंवा ‘निवृत्त’ असा एक शब्द पडतो आणि पेन पुढे सरकते. कुठला कारखाना, कुठले खाते, कुठल्या रसायनाचे ड्रम उघडले, किती वर्षे, हे विचारायला गर्दीच्या ओपीडीत वेळ नसतो. रुग्णालाही ते सांगण्यासारखे वाटत नाही. वीस वर्षांपूर्वी सोडलेल्या कामाचा आणि आज लघवीतून आलेल्या रक्ताचा काही संबंध असेल, हे त्याच्या मनातही येत नाही.

त्या एका शब्दामुळे उपचारात फारसा फरक पडत नाही. शस्त्रक्रिया तीच, केमो तीच. फरक पडतो तो पैशांत आणि जबाबदारीत. कामामुळे झालेल्या कर्करोगाला आपल्या देशात कायद्याने नुकसानभरपाई आहे. ती मिळवायची तर रोग कामामुळे झाला हे कुणीतरी, कुठेतरी, वेळेत लिहिलेले असावे लागते. बहुतेक वेळा ते कुणीच लिहीत नाही.

काम आणि कर्करोग यांचे नाते वैद्यकाला नवे नाही. लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्येच धुराडी साफ करणाऱ्या मुलांना पुढे होणाऱ्या अंडकोशाच्या त्वचेच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला होता. १८९५ मध्ये फ्रँकफर्टच्या लुडविग रेन यांनी रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांत मूत्राशयाचा कर्करोग दिसतो आहे, असे सहकारी शल्यचिकित्सकांपुढे मांडले. तिथून पुढे बेंझिडीन आणि बीटा-नॅफ्थिलामाइन ही दोन नावे पक्की व्हायला अर्धे शतक गेले. १९५४ मध्ये ब्रिटनमधल्या रंगकारखान्यांच्या पाहणीने उरलासुरला संशय संपवला. भारताने बेंझिडीनवर आधारित रंगांच्या हाताळणीवर बंदी घातली ती १९९०च्या दशकात. म्हणजे ज्याने १९८५ ते १९९२ या काळात अशा रंगाच्या खात्यात काम केले, तो कामगार आज साठीच्या आसपास आहे आणि त्याच्या मूत्राशयाचे दिवस आता भरत आले असतील.

ही वाट पाहण्याची मुदतच साऱ्या प्रश्नाचे मूळ आहे. रसायन पेशीतल्या डीएनएला इजा करते, ती इजा दुरुस्त न होता टिकते, पेशी विभागत राहतात, आणखी बिघाड साठत जातात आणि गाठ दिसण्याइतकी मोठी व्हायला वर्षे जातात. बेंझीनमुळे होणारा रक्ताचा कर्करोग त्या मानाने लवकर, काही वर्षांतही दिसू शकतो. रंगरसायनांमुळे होणाऱ्या मूत्राशयाच्या कर्करोगाला साधारण वीस वर्षे लागतात, अनेकदा जास्त. ॲस्बेस्टॉसच्या तंतूंमुळे फुप्फुसाच्या आवरणाला होणारा मेसोथेलिओमा तीस-चाळीस वर्षांनी उगवतो. तोवर कामगार निवृत्त झालेला असतो, गावी परतलेला असतो, कारखाना बंद पडून त्या जागी गृहसंकुल उभे राहिलेले असते, आणि ठेकेदार तर केव्हाच दुसऱ्या नावाने दुसरीकडे गेलेला असतो.

आता याच्यासमोर आपला कायदा ठेवून पाहू. कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा १९२३ सालचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला असला, तरी व्यावसायिक रोगांची यादी आणि तिची तीन भागांतली विभागणी पुढे चालू राहिली आहे. इथे कलमे जुन्या कायद्याच्या शब्दांत सांगतो, कारण शंभर वर्षांचे निकाल त्याच शब्दांवर उभे आहेत.

कायदा म्हणतो, यादीतला रोग यादीतल्या कामात असताना झाला, तर तो कामावर झालेला अपघातच मानायचा. उलटे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची. ऐकायला उत्तम. यादीतही बरेच काही आहे. बेंझीन आणि त्याच्या विषारी भावंडांमुळे होणारे रोग आहेत, क्रोमियम आहे, आर्सेनिक आहे, किरणोत्सर्ग आहे, डांबर आणि खनिज तेलामुळे होणारा त्वचेचा कर्करोग आहे, ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कर्करोग व मेसोथेलिओमा आहे, मूत्राशय-मूत्रपिंड-मूत्रवाहिनीच्या अस्तराचा कर्करोग आहे. हे सगळे यादीच्या ‘ब’ भागात आहेत. आणि ‘ब’ भागाच्या अटी बारकाईने वाचल्या की उत्तम वाटलेले सगळे हातातून निसटू लागते.

पहिली अट सहा महिन्यांची. एकाच मालकाकडे सलग सहा महिने तेच काम केलेले हवे. दुसऱ्या मालकाकडे तशाच कामात घालवलेला काळ यात धरायचा नाही, असे कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. कायम नोकरीच्या जमान्यात ही अट किरकोळ होती. आज रासायनिक पट्ट्यात रिॲक्टर धुण्याचे, गाळ काढण्याचे, पोती फोडून रसायन ओतण्याचे, म्हणजे नेमके सर्वात घातक काम ठेकेदाराच्या माणसांकडून होते. माणूस तोच, गेट तेच, ड्रम तेच, पण कागदावरचा मालक दर काही महिन्यांनी बदलतो. मूळ कारखानदारावर ठेका कामगाराच्या भरपाईची जबाबदारी कायद्याच्या १२व्या कलमाने टाकलेली आहे, पण आधी सलग काम दाखवायचे कसे, हा प्रश्न उरतोच.

इथे यादीतली एक विसंगती सांगितलीच पाहिजे. ॲस्बेस्टॉसमुळे फुप्फुस घट्ट होत जाण्याचा रोग, ॲस्बेस्टॉसिस, यादीच्या ‘क’ भागात आहे. ‘क’ भागासाठी वेगवेगळ्या मालकांकडचा काळ एकत्र मोजता येतो आणि भरपाई त्यांच्यात वाटून देता येते. त्याच तंतूमुळे, त्याच फुप्फुसात कर्करोग झाला तर तो ‘ब’ भागात. तिथे बेरीज नाही. धूळ एकच, छाती एकच. रोग जितका जीवघेणा, तितकी अट कडक.

दुसरी अट यापेक्षा मोठी आहे. कामावर असताना रोग झाला तर कायदा कामगाराच्या बाजूने गृहीत धरतो. नोकरी सुटल्यानंतर रोग उद्भवला, तर मात्र तो त्या कामामुळेच झाला हे कामगाराने सिद्ध करायचे. म्हणजे पुराव्याचे ओझे मालकाच्या खांद्यावरून उतरून आजारी माणसाच्या खांद्यावर येते. शिसे किंवा पारा यांची विषबाधा कामावर असतानाच दिसते, त्यांना ही तरतूद फारशी नडत नाही. कर्करोग मात्र स्वभावतःच उशिरा येतो. त्यामुळे यादीत त्याचे नाव असूनही, गृहीतकाचा फायदा ज्याला मिळायला हवा त्यालाच तो मिळत नाही.

तिसरी गोष्ट मुदतीची. दावा दोन वर्षांत करायचा. व्यावसायिक रोगात ही दोन वर्षे मोजायची कुठून? आजारामुळे कामावरची सलग गैरहजेरी सुरू झाली त्या दिवसापासून. नोकरी सोडलेल्याचे काय? कायदा म्हणतो, नोकरी सुटल्यापासून दोन वर्षांच्या आत लक्षणे दिसली, तर ती पहिल्यांदा आढळली तो दिवस अपघाताचा दिवस धरायचा. दोन वर्षांच्या आत! मूत्राशयाचा कर्करोग वीस वर्षे घेतो. पुरेसे कारण असेल तर विलंब माफ करून दावा दाखल करून घेण्याचा अधिकार आयुक्तांना आहे, आणि आजच्या घडीला निवृत्त कामगाराचा सगळा भरवसा त्या एका अधिकारावर आहे. हक्काची गोष्ट मेहेरबानीच्या अर्जाने मागावी लागते.

यादीत नाव नसलेल्या रोगांची अवस्था तर आणखी वाईट. सिलिकाची धूळ, डिझेलचा धूर, लाकडाचा भुसा, वेल्डिंगचा धूर या साऱ्यांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, ‘आयार्क’ने, माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकले आहे. आपल्या यादीत सिलिकोसिस आहे, सिलिकामुळे होणारा फुप्फुसाचा कर्करोग नावाने नाही. वेल्डिंगच्या धुराचे वर्गीकरण २०१७ मध्ये झाले. आपली यादी तिथवर पोचलेली नाही. यादीबाहेरच्या रोगाला भरपाई हवी असेल तर तो एखाद्या विशिष्ट अपघाती इजेमुळे थेट झाला हे दाखवावे लागते. पंधरा वर्षे रोज श्वासातून गेलेल्या धुराची ‘विशिष्ट इजा’ कोणत्या तारखेची म्हणून दाखवायची?

एवढे सगळे पार करून भरपाई किती? मृत्यू झाल्यास मासिक वेतनाचा निम्मा भाग गुणिले वयानुसार ठरलेला आकडा. वेतन कितीही असले तरी हिशेबासाठी ते १५,००० रुपयांपर्यंतच धरायचे, हे २०२० पासून. साठाव्या वर्षासाठी गुणक आहे ११७.४१. म्हणजे कमाल वेतन धरूनही ७,५०० गुणिले ११७.४१, बरोबर ८,८०,५७५ रुपये. जुन्या, कमी पगारावर हिशेब झाला तर किमान रक्कम १,२०,००० रुपये. दिलासा एवढाच की २००९ च्या दुरुस्तीनंतर उपचाराचा प्रत्यक्ष खर्चही मालकाकडून मागता येतो, आणि कर्करोगात तोच आकडा अनेकदा भरपाईपेक्षा मोठा असतो. हे कलम फार थोड्यांना माहीत आहे.

राज्य कामगार विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये असलेल्या कामगाराला हा दावा लावता येत नाही. त्याने भरपाई विमा महामंडळाकडून घ्यायची. तिथे एकरकमी पैशांऐवजी दरमहा निवृत्तिवेतनासारखा लाभ मिळतो. वेतनाच्या ९० टक्क्यांपर्यंत जाणारा हा लाभ दीर्घ आजारात अधिक उपयोगी, हे मान्य करायला हवे. व्यावसायिक रोग ठरवायला तिथे वैद्यकीय मंडळ असते. अडचण पुन्हा तीच: मंडळापुढे प्रकरण जायला आधी कुणाला तरी शंका यावी लागते.

शंका न येण्याचे एक कारण शास्त्रीयही आहे, आणि त्यावर मालकांचे वकील नेमके बोट ठेवतात. बहुतेक व्यावसायिक कर्करोगांवर कामाचा शिक्का नसतो. काही अपवाद आहेत. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या केंटकी राज्यात पीव्हीसी बनवणाऱ्या एका कारखान्याच्या डॉक्टरांना यकृताचा अँजिओसार्कोमा हा अतिशय दुर्मीळ कर्करोग एकाच कारखान्यातल्या अनेक कामगारांत दिसला. इतका दुर्मीळ रोग एका छपराखाली योगायोगाने एवढ्यांदा होत नाही. पुढच्याच वर्षी विनाइल क्लोराइडची हवेतली मर्यादा ५०० पीपीएमवरून १ पीपीएमवर आणली गेली. पण फुप्फुसाचा किंवा मूत्राशयाचा कर्करोग सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तो विडीचा की कारखान्याचा हे सांगता येत नाही.

मग न्यायालये शक्यतेच्या भाषेत बोलू लागतात. कामामुळे धोका दुपटीहून अधिक वाढत असेल तर रोग ‘बहुधा’ कामामुळेच, अन्यथा नाही, असा एक ठोकताळा जगभर वापरला जातो. त्याचा अर्थ आकड्यांत पाहू. एरवी शंभर जणांना झाला असता असा रोग एखाद्या कामातल्या तेवढ्याच मोठ्या गटात १८० जणांना झाला. म्हणजे ८० जणांना तो कामाने दिला. पण धोका १.८ पट, दुपटीपेक्षा कमी. म्हणून त्या १८० पैकी एकालाही भरपाई नाही. ८० माणसांची हानी गणितात दिसते, न्यायालयात ती शून्य होते. शास्त्र समूहाविषयी बोलते, न्यायालयाला एका माणसाविषयी उत्तर हवे असते, आणि या फटीत कामगार पडतो.

विडीच्या युक्तिवादाचेही असेच. ॲस्बेस्टॉसचे काम करणाऱ्या अमेरिकी कामगारांचा १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या विषयात आजही सांगितला जातो. सिगारेट न ओढणाऱ्या आणि ॲस्बेस्टॉसशी संबंध नसलेल्या माणसाच्या तुलनेत, फक्त ॲस्बेस्टॉसमध्ये काम करणाऱ्यात फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यूचा धोका सुमारे ५ पट, फक्त सिगारेट ओढणाऱ्यात सुमारे ११ पट, आणि दोन्ही असणाऱ्यात ५० पटींहून अधिक आढळला. दोन्ही धोके एकमेकांत मिळवले जात नाहीत, जवळपास गुणले जातात. त्यामुळे कामगार विडी ओढत होता हे कळल्यावर कारखान्याची जबाबदारी हलकी होते, असे म्हणणे शास्त्राला धरून नाही. उलट विडी ओढणाऱ्या माणसाला त्या धुळीत उभे करणे अधिक घातक होते. केसपेपरवर ‘तंबाखू : हो’ एवढेच लिहिलेले असते तेव्हा अर्धे सत्य नोंदले जाते आणि नेमके तेच अर्धे पुढे न्यायालयात वाचले जाते.

हा पेच सुटू शकतो, हे इतर देशांनी दाखवले आहे. ब्रिटनमध्ये मेसोथेलिओमाच्या रुग्णांनी आयुष्यात अनेक मालकांकडे ॲस्बेस्टॉस हाताळले होते. जीवघेणा तंतू कुणाकडचा हे शास्त्राला सांगणे अशक्य. मालक म्हणत, माझाच होता हे सिद्ध करा. २००२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने, हाउस ऑफ लॉर्ड्सने, फेअरचाइल्ड खटल्यात ही पळवाट बंद केली. ज्याने ज्याने निष्काळजीपणे धोका वाढवला तो जबाबदार, असे ठरले. पुढे ज्यांचा मालक किंवा त्याचा विमाकर्ता सापडतच नाही अशा रुग्णांसाठी २०१४ मध्ये कायदा करून विमा कंपन्यांच्या वर्गणीतून निधी उभा केला गेला.

दक्षिण कोरियाची गोष्ट आपल्याला अधिक जवळची वाटावी. ह्वांग यू-मी ही तरुण मुलगी सॅमसंगच्या गिहुंग इथल्या सेमीकंडक्टर कारखान्यात कामाला लागली. तिला ल्युकेमिया झाला आणि मार्च २००७ मध्ये, बाविसाव्या वर्षी ती वारली. तिच्यासोबत त्याच कामावर असलेली सहकारीही ल्युकेमियानेच गेली होती. वडील टॅक्सीचालक. त्यांनी भरपाईसाठी अर्ज केला, सरकारी विमा यंत्रणेने तो फेटाळला. कारखान्यात कोणती रसायने वापरली जातात हे विचारल्यावर ते व्यापारी गुपित असल्याचे उत्तर मिळत राहिले. २०११ मध्ये सोलच्या प्रशासकीय न्यायालयाने तिचा मृत्यू कामाशी संबंधित मानला, २०१४ मध्ये वरच्या न्यायालयाने ते कायम केले. नोव्हेंबर २०१८ मध्ये कंपनीने कारखान्यांतले आरोग्याचे धोके नीट हाताळले नाहीत, अशी जाहीर माफी मागितली आणि मध्यस्थांनी ठरवलेली भरपाई योजना स्वीकारली.

मधल्या काळात, ऑगस्ट २०१७ मध्ये, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एलसीडी कारखान्यातल्या दुसऱ्या एका कामगाराच्या खटल्यात जे सांगितले ते आपल्याकडच्या प्रत्येक नुकसानभरपाई आयुक्ताने वाचायला हवे. मालकाने माहिती द्यायला नकार दिल्यामुळे किंवा सरकारी तपासणी अपुरी राहिल्यामुळे पुरावा कमी पडत असेल, तर ती उणीव कामगाराच्या विरुद्ध न धरता त्याच्या बाजूने विचारात घ्यावी, असा त्या निकालाचा आशय. तो खटला कर्करोगाचा नव्हता, मल्टिपल स्क्लेरोसिसचा होता. पण तत्त्व तेच. ज्याच्या ताब्यात कागद आहेत, त्याला कागद नसल्याचा फायदा मिळता कामा नये.

भारतात असे विचार कुणी केलेच नाहीत असे नाही. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या याचिकेवर निकाल दिला. ॲस्बेस्टॉस कारखान्यांनी प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरी सुरू झाल्यापासून किमान ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यापासून १५ वर्षे, यापैकी जे नंतर येईल तोवर जपून ठेवावी, असे त्यात आहे. ॲस्बेस्टॉसिस झाल्याचे अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने प्रमाणित केलेल्या कामगारांना एक लाख रुपये देण्याचा आदेशही त्यात होता. तीस वर्षांपूर्वी न्यायालयाला रोगाचा वेग नेमका कळला होता. मात्र त्यानंतर दहा वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबईतल्या एका ॲस्बेस्टॉस कारखान्यातल्या तपासलेल्या कामगारांपैकी दर पाचांत एकाहून अधिक जणांना ॲस्बेस्टॉसिस आढळला. ॲस्बेस्टॉसच्या खाणी आपण थांबवल्या, पण पांढरे ॲस्बेस्टॉस आयात करून त्याचे पत्रे बनवणे आजही चालू आहे.

भोपाळनंतर, १९८७ मध्ये, कारखाने कायद्यात धोकादायक प्रक्रियांचे जे प्रकरण घातले गेले त्यातले ‘४१-क’ हे कलम तर वाचताना खरे वाटत नाही इतके चांगले आहे. घातक पदार्थ हाताळणाऱ्या प्रत्येक कामगाराची वैद्यकीय तपासणी कामावर घेण्यापूर्वी, काम चालू असताना आणि काम सोडल्यानंतरही, बारा महिन्यांहून अधिक अंतर न ठेवता व्हावी, आणि त्याची नोंद कामगाराला पाहता यावी, असे त्यात म्हटले होते. काम सोडल्यानंतरही! डोंबिवली, तारापूर, लोटे, महाड, पाताळगंगा या पट्ट्यांतून गेल्या तीस-पस्तीस वर्षांत निवृत्त झालेल्या किती जणांना कारखान्याकडून तपासणीचे बोलावणे आले, हे वाचकांनी आपल्या ओळखीच्या घरांत विचारून पाहावे.

डॉक्टरांवरही जबाबदारी होती आणि आहे. कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात ‘व्यावसायिक कर्करोग’ हा कळवणे बंधनकारक असलेला रोग आहे. असा रुग्ण पाहणाऱ्या कोणत्याही डॉक्टरने मुख्य कारखाना निरीक्षकांच्या कार्यालयाला, आपल्याकडे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला, लेखी कळवायचे. न कळवल्यास जुन्या कायद्यात हजार रुपयांपर्यंत दंड होता. गंमत म्हणजे निदान बरोबर ठरले तर कळवणाऱ्या डॉक्टरला शासनाने शुल्क द्यायचे आणि ते कारखानदाराकडून जमीन महसुलाच्या थकबाकीसारखे वसूल करायचे, अशीही तरतूद होती. हे शुल्क मागायला कुणी डॉक्टर कधी गेला असेल असे वाटत नाही. वैद्यकीय अभ्यासक्रमात व्यावसायिक आरोग्याला जेवढी जागा मिळते, त्यातून दुसरे काय होणार?

प्रश्नाच्या आकाराची कल्पना यावी म्हणून एक ढोबळ हिशेब. रिचर्ड डॉल आणि रिचर्ड पेटो यांनी १९८१ मध्ये अमेरिकेतल्या कर्करोग-मृत्यूंपैकी सुमारे ४ टक्के कामाशी जोडले होते. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमानुसार भारतात २०२२ मध्ये सुमारे १४ लाख ६१ हजार नवे रुग्ण अपेक्षित होते. अमेरिकेचे जुने प्रमाण इथे जसेच्या तसे लागू होत नाही हे उघड आहे. पण त्याच्या निम्मे जरी धरले तरी आकडा वर्षाला २९ हजारांपलीकडे जातो. भरपाईच्या दाव्यांत यातले किती चेहरे दिसतात?

उद्योजकांची, विशेषतः लहान कारखानदारांची भीतीही समजून घ्यायला हवी. पंचवीस वर्षांनी कोण कुठून दावा घेऊन येईल याचा नेम नाही, आणि त्या वेळी आपला धंदा चालू असेल की नाही याचाही नाही. ही भीती खरी आहे, आणि म्हणूनच प्रत्येक दाव्याचे ओझे एकाच कारखान्यावर टाकण्यापेक्षा घातक रसायने वापरणाऱ्या सर्व उद्योगांच्या वर्गणीतून निधी उभारणे त्यांच्याही हिताचे ठरेल. हे स्वप्नरंजन नाही. राजस्थान सरकारने २०१९ मध्ये सिलिकोसिससाठी असे धोरण आणले. रोग प्रमाणित झाला की रुग्णाला ३ लाख रुपये, मृत्यूनंतर कुटुंबाला आणखी २ लाख. मालक कोण होता हे सिद्ध करत बसायचे नाही. खाणकामगारांकडे हजेरीपत्रक नसते हे तिथल्या सरकारने मान्य केले आणि मग त्याभोवती व्यवस्था बांधली. महाराष्ट्रासारख्या रासायनिक उद्योगांत आघाडीवर असलेल्या राज्याला मूत्राशयाच्या आणि रक्ताच्या कर्करोगासाठी हे करता येऊ नये, असे कोणतेही कारण दिसत नाही.

निधी येईल तेव्हा येईल. कायद्यात मात्र बदल आताच करता येण्याजोगे आहेत, कारण नव्या संहितांची घडी अजून बसायची आहे. कर्करोगापुरते तरी मालकाविरुद्धचे गृहीतक नोकरी सुटल्यानंतरही चालू राहिले पाहिजे. दोन वर्षांचे घड्याळ, हा रोग कामामुळे असू शकतो असे डॉक्टरने लेखी सांगितले त्या दिवसापासून सुरू झाले पाहिजे. आणि वेगवेगळ्या मालकांकडच्या वर्षांची बेरीज ‘क’ भागाप्रमाणे ‘ब’ भागातही झाली पाहिजे. चाळिशीपुढच्या कामगारांना दरवर्षी मोफत आरोग्य तपासणी, असे नव्या व्यवस्थेत सांगितले जाते. चांगले आहे. पण रक्तदाब आणि साखर तपासून रंगखात्यातल्या माणसाचे भागत नाही; त्याच्या लघवीत रक्ताच्या पेशी आणि बदललेल्या पेशी शोधाव्या लागतात, आणि ते निवृत्तीनंतरही करत राहावे लागते.

तोवर ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे त्यांनी काही कागद शोधून ठेवावेत. जुनी पगारपत्रके, गेटपास, ओळखपत्र, ईएसआय आणि पीएफचे क्रमांक, सेवा दाखला, युनियनची पावती, एखाद्या खात्याचा समूह फोटोसुद्धा. सोबत काम केलेल्या दोघा-तिघांची नावे आणि पत्ते लिहून घ्यावेत. त्यांच्यापैकी कुणाला तोच रोग झाला असेल तर ती बाब दाव्यात फार महत्त्वाची ठरते. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना कामाचा इतिहास एका कागदावर लिहून न्यावा: कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, कोणते खाते, कोणती रसायने, हातमोजे आणि मास्क मिळत होते की नाही. तो केसपेपरला जोडून घ्यायला सांगावे आणि रोगाचा कामाशी संबंध असू शकतो का, याचे लेखी मत मागावे. त्या मतावरची तारीख जपून ठेवावी. दावा उशिरा का आला, हा पहिला प्रश्न विचारला जाईल तेव्हा उत्तर म्हणून हीच तारीख दाखवावी लागते.